पोर्टरची दोन नावं

मार्चच्या पहिल्या आठवड्यात लडाखमधल्या एका उंच चौकीवर मी हजर झालो. तेव्हा मी सिग्नल्समध्ये हवालदार होतो. चौकीवर अकरा जवान, एक कॅप्टन साहेब आणि सामान वाहायला दोन पोर्टर. तिथून पुढं दीडेक किलोमीटरवर आमची निरीक्षण चौकी होती, तिला सगळे ओपी म्हणत. मुख्य चौकी आणि ओपी यांच्यामधली टेलिफोनची तार चालू ठेवणं हे माझ्या तुकडीचं काम. बर्फ सरकला की तार तुटायची, तुटली की आम्ही जाऊन जोडायचो. मी तिथं होतो तोवर हेच चाललं.

दुसरं काम पोर्टरांच्या रजिस्टरचं. कोण वर आला, कोण खाली गेला, पासवर नाव काय, फोटो जुळतो का. हे काम साहेबांनी मला मुद्दाम दिलं, कारण माझा स्वभाव संशयी आहे हे त्यांना दोन दिवसांत कळलं होतं.

संशय मला घरातून मिळाला. आम्ही मेंढरं राखणारे, चकलांब्याच्या बाजूचे. वडील संध्याकाळी मेंढवाड्यात मेंढरं मोजायचे. एखादं कमी भरलं तर शिव्या देत शोधायला निघायचे. पण एखादं जास्त भरलं की त्यांचं जेवणावरून मन उडायचं. कमी म्हणजे लांडगा, जास्त म्हणजे चोरीचा आळ. मी आजही दाराची कडी दोनदा बघतो आणि बँकेतून बोलतोय म्हणणाऱ्याला आधी त्याच्या बापाचं नाव विचारतो. बायको म्हणते, "तुमाला देव जरी भेटला तरी आधी त्येचं आधार कार्ड मागताल." तिचं काही चुकत नाही.

रोजचा क्रम ठरलेला होता. ०५०० ला उठणं. ०६०० ला लाईन टेस्ट. लाईन मेलेली असेल तर ०६३० पर्यंत पार्टी बाहेर. सगळ्यात पुढं नोरबू नावाचा पोर्टर. तिथलाच, खालच्या गावचा, तिशीतला, बुटका आणि कमी बोलणारा. हातातल्या लांब काठीनं तो बर्फ ठोकायचा, खाली वाकून कान लावायचा आणि मग पाय टाकायचा. त्याच्या मागं लान्स नायक सेल्वम, मग शिपाई सुखदेव सिंग आणि शेवटी मी.

सेल्वम तामिळनाडूतल्या मिठागरांच्या गावचा. बर्फाला तो मीठच म्हणायचा. "आज मीठ लई पडलंय, हवालदार साब," असं सकाळी मला सांगायचा. लई हा शब्द त्यानं माझ्याकडून उचलला होता. त्याला प्रश्न फार पडायचे. खिशात एक छोटी वही असायची, कुणी काही सांगितलं की त्यात लिहून ठेवायचा. मला आधी त्या वहीचाही संशय आला होता. मी ती मागून घेऊन चाळली. सगळी तामिळमध्ये. त्यानं हसत हसत पान न् पान वाचून दाखवलं. त्यात सुखदेवच्या आईची सरसोंच्या भाजीची कृती होती आणि खेचराला खोकला झाला तर काय करायचं ते होतं.

एप्रिलमध्ये सलग तीन दिवस बर्फ पडला. बाहेर जायची सोय नव्हती. दुपारी आम्ही बुखारीभोवती, म्हणजे रॉकेलच्या शेगडीभोवती, बसलो होतो. नोरबू कोपऱ्यात बूट वाळवत होता. सेल्वमच्या बायकोला आठवा महिना चालू होता. त्यानं वही काढली आणि म्हणाला, "बाळाला नाव ठेवायचंय. तुमच्याकडं नाव कसं ठरवतात, एकेकानं सांगा." आमचं बोलणं हिंदीत चालायचं. इथं मी ते बहुतेक मराठीत मांडतोय.

सुखदेव म्हणाला, "आमच्याकडं गुरुद्वारात ग्रंथसाहेब उघडतात. जे पान उघडेल त्यावरच्या वचनाचं पहिलं अक्षर घ्यायचं, त्यावरून नाव. मुलगा असो, मुलगी असो, नाव तेच चालतं. पुढं सिंग लावा नाहीतर कौर."

"आमच्याकडं आजोबाचं नाव नातवाला, आजीचं नातीला," सेल्वम म्हणाला. "पण जुन्या घरात सून सासऱ्याचं नाव घेत नाही. पोरगं दंगा करायला लागलं की आई काय म्हणून ओरडणार? म्हणून घरात हाकेला दुसरं नाव."

माझी पाळी आली. मी पाळण्याचं सांगितलं. आत्या बाळाच्या कानात नाव सांगते आणि बाकीच्या बाया तिच्या पाठीत धपाटे घालतात. सुखदेवला ते फार आवडलं. "आत्याला का मारतात?" त्यानं विचारलं. मला माहीत नव्हतं. सगळ्या जन्मात एवढ्या गोष्टी संशयानं विचारल्या, हे कधी विचारलं नाही.

मग सेल्वमनं पेन्सिल रोखली. "आणि तुमचं नाव, उकंडा, म्हणजे काय, हवालदार साब?"

"देवाचं नाव आहे," मी म्हणालो.

"कोणता देव?"

"आमच्याकडचा."

ते खोटं होतं. माझ्याआधी आईची तीन लेकरं दगावली. मी झालो तेव्हा तिनं मला फडक्यात गुंडाळून घरामागच्या उकिरड्यावर ठेवायला लावलं. शेजारच्या रशिदाबीशी आधीच बोलणं झालेलं होतं. ती आली, मला उचललं आणि दारात येऊन म्हणाली, "ये पोट्टा मेरेकू मिल्या." आईनं तिला सूपभर ज्वारी घातली आणि परक्याचं लेकरू म्हणून मला घरात घेतलं. जे काही लेकरं न्यायला येत होतं त्याला वाटावं, हे टाकलेलं आहे, हे नेण्यासारखं नाही. उकिरड्यावरचा म्हणून उकंडा. आमच्या भागात दगडू आहेत, धोंडू आहेत, भिका आहेत. गावात कुणी हसत नाही. पण ट्रेनिंग सेंटरला एकानं अर्थ शोधून काढला आणि पासिंग आउट होईपर्यंत मी सगळ्या बराकीचा कचरा होतो. तेव्हापासून मी स्वतःला देव करून टाकलं.

सेल्वमनं कोपऱ्यात बघितलं. "नोरबू, तुमच्यात?"

"लामा देतात," नोरबू म्हणाला.

"तुलाही लामांनीच दिलं?"

नोरबूनं माझ्याकडं बघितलं, मग बुखारीकडं. "हां. लामांनी." एवढं बोलून, पाण्यासाठी बर्फ आणतो म्हणून तो ओले बूट चढवून बाहेर गेला. सेल्वमनं वहीत काहीतरी लिहिलं. मी वहीत काही लिहिलं नाही, पण लक्षात ठेवलं.

चौथ्या दिवशी आभाळ उघडलं. ११०० च्या सुमारास खालून रेशन पार्टी आली. सेल्वमनं घरी लिहिलेलं पत्र त्यांच्याकडं दिलं. त्यांनी माझ्या हातात एक लखोटा दिला. आत सूचना होती: सेक्टरमध्ये एक इसम खोट्या नावानं फिरत असल्याचा संशय, सर्व पोर्टरांची कागदपत्रं पुन्हा तपासावीत. ती मी तीनदा वाचली. वाचत असतानाच रेशन पार्टीतल्या एका म्हाताऱ्या पोर्टरनं लांबून हाक मारली. हाक नोरबू अशी नव्हती. भलतंच नाव होतं. आणि नोरबूनं मागं वळून हात केला.

मला मेंढवाड्यात मोजणारे वडील आठवले. एक जास्त भरलं होतं.

पार्टी खाली गेल्यावर मी नोरबूचं सामान तपासलं. तंबाखू, सातूचं पीठ, एक स्वेटर. लोकरीच्या टोपीच्या अस्तरात घडी केलेला कागद सापडला. त्यांच्या लिपीत एकच शब्द. दुसरा पोर्टर झारखंडचा, त्याला ती लिपी वाचता येत नव्हती.

"हे काय आहे?"

"नाव आहे, साब."

"कुणाचं?"

"घरचं."

"तो म्हातारा तुला काय म्हणाला?"

नोरबू टोपीचं अस्तर सारखं करत राहिला. कान लाल झाले. मला वाटलं, पकडला गेला म्हणून झाले.

"तुझं खरं नाव काय?"

"नोरबू, साब."

मी साहेबांकडं गेलो. "पोर्टरची दोन नावं आहेत, सर. तिसरं टोपीत सापडलं. सांगत नाही."

"तुझं मत?"

"लाईनवर नेऊ नये, सर. खालून चौकशी होईपर्यंत रोखून ठेवावा."

साहेबांनी मान डोलावली. त्याच बुखारीसमोर सेल्वमनं स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं की त्यांच्याकडं माणसाला दोन नावं असतात. त्याचा मला संशय आला नव्हता. तो वर्दीत होता. नोरबू नव्हता.

दुसऱ्या दिवशी ०६०० ला लाईन मेलेली निघाली. ०६४० ला आम्ही तिघं निघालो: सेल्वम, सुखदेव आणि मी. नोरबूला स्टोअरमध्ये बसवलं होतं, दारावर एक जवान. आम्ही समोरून जाताना तो दारापर्यंत आला.

"साब, बायीं तरफ मत जाना. कल से नीचे पानी बोल रहा है. दाहिने से जाना."

ओपीकडं जायला दोन वाटा होत्या. डावी नाल्यावरच्या बर्फाच्या पुलावरून, जवळची. उजवी धारेवरून, लांबची, आणि वीस मिनिटं समोरच्या डोंगरावरून उघडी दिसणारी. मी विचार केला, हा आम्हाला उघड्यावर का पाठवतोय. ज्याची तीन नावं आहेत तो म्हणतो उजवीकडून जा.

"डावीकडून," मी म्हणालो.

"हवालदार साब, नोरबू म्हणतोय की..."

"मी ऐकलं. चल."

"ठीक आहे, साब."

सेल्वम पुढं झाला. नोरबूची काठी त्याच्या हातात होती. त्यानं बर्फ ठोकला, पण काठीनं ठोकून काय ऐकायचं असतं ते मिठागरातल्या माणसाला कुठून ठाऊक असणार. ०६५५ ला पूल बसला. आवाज फार मोठा झाला नाही. आम्ही तिघं एका दोरानं बांधलेले होतो. दोरानं सुखदेवला पोटावर आडवं पाडलं आणि सेल्वम खाली लोंबकळत थांबला. मग कडेचा मोठा ढेपा सुटून त्याच्यावर पडला.

मी सेट उचलला. "अल्फा, चार्ली बोलतोय. नाल्यावरचा पूल बसला. एक माणूस खाली. दोरावर आहे. उत्तर देत नाही. ओव्हर."

"चार्ली, कोण? ओव्हर."

"सेल्वम. नोरबूला पाठवा, सर. ओव्हर."

मग साहेबांचा आवाज आला. "रॉजर. निघालोय."

०७२० ला साहेब, नोरबू आणि चौकीवरचा नर्सिंग असिस्टंट पोचले. उजवीकडून आले. नोरबूनं कुणाला विचारलं नाही. कमरेला दोर बांधला आणि त्या भेगेत उतरला. ०७५० ला त्यानं सेल्वमला वर दिलं. नर्सिंग असिस्टंटनं पाऊण तास प्रयत्न केले. ०८३५ ला त्यानं घड्याळ बघितलं आणि साहेबांकडं बघून मान हलवली. सुखदेव रडला. मी तुटलेली तार जोडायला गेलो.

दुसऱ्या दिवशी १६०० ला खालून उत्तर आलं. नोरबूची कागदपत्रं बरोबर. सहा वर्षांपासून सेनेकडं काम करतो. रोखण्याचं कारण नाही.

मी नोरबूकडं गेलो. तो आपला दोर वाळवत होता. मी त्याच्याशेजारी बसलो. तो स्वतःच बोलला. त्याच्याआधी दोन भाऊ गेले होते. म्हणून तो झाला तेव्हा आईनं त्याला कुत्र्याचं पिल्लू असं नाव ठेवलं. पिल्लू कोण नेणार. सात वर्षांचा असताना तो फार आजारी पडला, तेव्हा लामांनी नाव बदलून नोरबू ठेवलं आणि तो उठून बसला. गावातली म्हातारी माणसं अजून जुन्या नावानं हाक मारतात. टोपीतला कागद त्याच्या लेकीचा होता. ती हिवाळाभर तापानं आजारी होती, लामांनी तिच्यासाठी नवं नाव लिहून दिलं होतं. सुट्टी मिळाली की तो ते घरी नेणार होता. फौजी लोकांसमोर स्वतःला कुत्र्याचं पिल्लू म्हणायची त्याला लाज वाटली होती.

मग मी त्याला माझं सांगितलं. उकिरडा, रशिदाबी, सूपभर ज्वारी. तो ऐकत राहिला.

"पहले बोलना था, साब," तो म्हणाला.

तो रागानं बोलला नाही. रागावला असता तर मला सोपं गेलं असतं. मी त्या दुपारी बुखारीसमोर खरं बोललो असतो तर तोही बोलला असता, आणि सकाळी काठी त्याच्याच हातात असती. हे मला तिथंच, त्याच्याशेजारी बसल्या बसल्या कळलं.

चौकशी झाली. डावी वाट का घेतली, असं विचारलं. उजवी समोरून दिसते, असं मी सांगितलं. ते खरंच होतं. नोरबूनं आधी बजावलं होतं का, हे कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. सुखदेव माझ्याकडं बघत होता, तोही बोलला नाही. दोष कुणावर आला नाही. सेल्वमच्या घरी मी पत्र लिहिलं: ड्युटी करताना वीरगती. त्याला तीन आठवड्यांनी मुलगी झाली. मी पुढं सुभेदार होऊन निवृत्त झालो. गावात झेंड्याला मला बोलावतात, पोरांना शौर्याचं सांगा म्हणतात. मी तारा कशा जोडतात ते सांगतो.

गेल्या जानेवारीत एक फोन आला. बाई हिंदीत बोलत होती. "मी लान्स नायक सेल्वमची मुलगी बोलतेय."

"कोणता सेल्वम? सर्व्हिस नंबर सांगा," मी म्हणालो.

तिनं नंबर न अडखळता सांगितला. तो बरोबर होता. ती पुण्यात एका दवाखान्यात नर्स होती. भेटायला येऊ का म्हणाली. कशासाठी विचारलं, तर म्हणाली, एक गोष्ट विचारायची आहे.

मी ये म्हणालो. ती यायला चार दिवस होते, ते चारही दिवस मी नीट जेवलो नाही. हिला कुणी सांगितलं? नोरबूनं? सुखदेवनं? एकवीस वर्षांनी? हिच्यासोबत वकील येणार का? मी जुनी ट्रंक उघडून चौकशीचा कागद काढला, परत ठेवला, परत काढला.

"आवं, कावून असं करायलाव?" बायको म्हणाली. "पोरगी भेटायला यायलीय, धाड घालायला न्हाई."

ती एकटीच आली. चेहरा सेल्वमचा. बायकोनं भाकरी, पिठलं, ठेचा वाढला आणि तिच्या मोडक्या हिंदीत नाव विचारलं. "वळ्ळी," ती म्हणाली. "आजीचं नाव."

जेवण झाल्यावर तिनं पिशवीतून प्लास्टिकमध्ये घातलेला कागद काढला. घड्यांवर फाटलेला, तामिळमध्ये लिहिलेला. मी कागदाकडं बघितलं, मग तिच्या हातांकडं. हाच तो पुरावा, मी म्हणालो मनात.

"अप्पांचं शेवटचं पत्र. बातमी आधी पोचली, हे नंतर," ती म्हणाली. "चौकीवर कुणाकडं नाव कसं ठेवतात, ते आईसाठी लिहून पाठवलं होतं. मी लहानपणापासून हे वाचतेय. यात दोनच गोष्टी अर्धवट आहेत." तिनं बोट ठेवून वाचलं. "हवालदार साब, उकंडा. देवाचं नाव. कोणता देव, ते सांगत नाहीत." तिनं वर बघितलं. "मी दवाखान्यातल्या मराठी मुलींना विचारलं. असा देव कुणालाच माहीत नाही. म्हणून आले. कोणता देव आहे?"

एवढंच विचारायला ती बस बदलत बदलत आली होती. तिला बाकी काहीच माहीत नव्हतं. उकिरड्याचं सांगून मला तिथं थांबता आलं असतं.

"आणि दुसरं अर्धवट?" मी विचारलं.

तिनं पुढची ओळ वाचली. "नोरबू. लाजतोय. एकटा असेल तेव्हा पुन्हा विचारायचं."

एकाच बुखारीसमोर, एकाच माणसाचा तोच गप्प चेहरा आम्ही दोघांनी बघितला होता. सेल्वमला त्यात लाज दिसली. मला चोर दिसला.

मग मी सगळं सांगितलं. माझं नाव, नोरबूचं नाव, टोपीतला कागद, स्टोअरचं दार, नोरबू काय म्हणाला आणि मी काय म्हणालो. वेळांसकट सांगितलं. बायको चहाचे कप घेऊन दारात उभी होती, ती तशीच उभी राहिली. तिनंही हे पहिल्यांदाच ऐकलं.

"उजवीकडून जाऊ, असं अप्पा म्हणाले होते का?" वळ्ळीनं विचारलं.

"म्हणत होता. मी पुरतं बोलू दिलं नाही."

ती उठून बाहेर गेली. मेंढवाड्याशेजारच्या दगडावर पाठमोरी बसली. मी उठायला लागलो तर बायको म्हणाली, "बसा तितंच. तिला न्हाई पायजे आता तुमी." अर्धा तास गेला. मी घड्याळ बघत होतो, दुसरं काही सुचत नव्हतं.

ती आत आली तेव्हा तोंड धुतलेलं होतं. कागद पुढ्यात घेतला, पेन काढलं. "नोरबूंचं घरचं नाव सांगा." मी सांगितलं, अर्थही सांगितला. तिनं लिहिलं. त्यांची मुलगी जगली का, विचारलं. जगली, मी म्हणालो, शिक्षिका आहे, नव्या नावानं. तिनं तेही लिहिलं. मग माझ्या नावावर पेन ठेवलं आणि बराच वेळ लिहीत राहिली. आधी बोट ठेवून देव असं वाचलं होतं तो शब्द खोडला, ते मला दिसलं.

माफीचं ती काही बोलली नाही. मीही मागितली नाही, ती मागायला मला तोंड नव्हतं. स्टँडवर तिची पिशवी मी घ्यायला लागलो, तिनं दिली नाही. बस लागल्यावर तिनं नोरबूचा नंबर मागितला. मी दिला.

निघण्याआधी घरात तिनं ती यादी एकदा मोठ्यानं वाचली होती, फक्त नावं, तिच्या बापानं लिहिलेल्या क्रमानं. सुखदेव. उकंडा. नोरबू. सगळ्यात शेवटी त्यानं स्वतःचं लिहिलं होतं. सेल्वम. ते तिनं वाचलं तेव्हा मी उभा राहिलो, सावधानमध्ये, गुडघे दुखतात तरी.

माझ्या नावापुढं तिनं एवढं काय लिहिलं, ते तामिळमध्ये आहे. मला वाचता येत नाही. मी विचारलं नाही.